पाच हजार भागांचं वेबकॉमिक पहिल्यापासूनच वाचायला हवं का?

तुमचा प्रश्न असा आहे की ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ या वेबकॉमिकचे, म्हणजे इंटरनेटवर येणाऱ्या चित्रपट्टीचे, पहिले शंभर-दीडशे भाग वाचून कंटाळा आला, निम्मे विनोद डोक्यावरून गेले, मग लोक वर्षानुवर्षं यात काय वाचतात, आणि सुरुवात पहिल्या भागापासूनच करायला हवी का.

मुळीच नको. चारशेच्या आसपास उडी मारा. त्या साइटवर पत्त्याच्या शेवटी भागाचा क्रमांक असतो, तो बदलला की थेट तिथे पोचता येतं.

चित्रकार-लेखक जेफ जॅक्सने १ ऑगस्ट २००३ रोजी हे सुरू केलं तेव्हा त्याचा हात बसलेला नव्हता. माणसं ताठ उभी राहतात, चेहरे एकमेकांसारखे दिसतात. त्यात कथेचा नायक मार्टेन आणि त्याच्या मित्रमंडळींच्या गप्पा बहुतेक त्या काळच्या अमेरिकन इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, बँडांवर. ती नावं इंदुरात बसून आपल्याला कुठून माहीत असणार! तेव्हा विनोद कळले नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका.

चारशेच का, तर पाचशेच्या जवळपास फे, मार्टेनच्या घरात राहणारी त्याची मैत्रीण, त्याला आपल्या वडिलांबद्दल सांगते. काय सांगते ते इथे लिहीत नाही. पण तोवर तिच्या फटकळ बोलण्यावर तुम्ही निदान शंभर भाग हसलेले असायला हवे. मग ती बोलायला लागते आणि आधीचे सगळे टोमणे वेगळेच ऐकू येऊ लागतात. थेट पाचशेवर गेलात तर नुसती एक दुःखी मुलगी भेटेल.

माझ्या मते या कॉमिकची खरी गंमत इथेच आहे: घडलेलं पुसलं जात नाही. आपण ‘चिंटू’वर वाढलो. १९९१ पासून तो तेवढाच आहे, आज ओरडा खाल्ला तरी उद्या पाटी कोरी, आणि तसंच हवं. दुसऱ्या टोकाला लिन जॉन्स्टनची ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’. १९७९ ते २००८ चाललेल्या त्या पट्टीत मुलं खरोखरच्या वर्षांबरोबर मोठी होत गेली, घरातला फार्ली कुत्रासुद्धा १९९५ मध्ये गेला. जॅक्सचं काही तिसरंच. आपली वीस वर्षं उलटली तरी त्याच्या माणसांची जेमतेम काही वर्षं सरतात, एखादी संध्याकाळ दोन-दोन आठवडे चालते. पण जे झालं ते झालं. फेचं दारू पिणं आधी बरेच दिवस विनोदाचा भाग असतं. पुढे त्याच पिण्यापायी तिची कॉफीच्या दुकानातली नोकरी जाते. या कॉमिकच्या जगात बोलते-चालते रोबो माणसांतच राहतात; नंतर ती ते दुरुस्त करायला लागते आणि बबल्स नावाची, पूर्वी सैन्यात असलेली धिप्पाड रोबो तिच्या आयुष्यात येते. कोणी जादूची कांडी फिरवून तिला पुन्हा काउंटरमागे उभी करत नाही.

ते दुकान म्हणजे ‘कॉफी ऑफ डूम’, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावातलं. तिथे गिऱ्हाइकाचा पाणउतारा हीच सेवा. अमेरिकन वाचकाला हे अतरंगी वाटत असेल. आपल्याकडे पोह्यांवर तिसऱ्यांदा जीरावन मसाला मागून बघा, डूमचा अनुभव फुकटात मिळेल.

माझी लाडकी मात्र हॅनेलोर. मार्टेन-फेच्या वरच्या मजल्यावर राहणारी, जंतूंच्या धास्तीने हैराण, सारखी मोजदाद करणारी, आणि लहानपण कुठे गेलं तर अंतराळस्थानकावर! ही एवढी अचाट माहिती, पण मित्र ती अशी ऐकतात जणू ही देवासला वाढली. जॅक्सचा विनोद असाच कोरड्या चेहऱ्याने येतो. तिच्या भीतीवर तो विनोद करतो, पण तिला हास्यास्पद करत नाही. ती एखाद्याचा हात धरायला पुढे होते तेव्हा चौकटीत फक्त हात असतो आणि तिचे ताणलेले डोळे, आणि आपणच श्वास रोखून बसतो.

आता वाचायचं कसं. एका दमात नको. माझ्या बडोद्याच्या मावसभावाने सुट्टीत हजारभर भाग सलग संपवले आणि वैतागून सोडून दिलं. साहजिक आहे. ही पट्टी सोमवार ते शुक्रवार, रोज एक, अशा बेताने लिहिलेली असते. काल काय झालं ते आजच्या पहिल्या चौकटीत हळूच सांगावं लागतं, आणि शेवटच्या चौकटीत टोला हवाच. मध्ये एक रात्र गेलेली असली की हे खटकत नाही. सलग वाचताना तोच ठेका ठोठो वाजत राहतो. जुने भाग रोज दहा-पंधरा घ्या, पुरे. चालू भागापर्यंत पोचलात की मग एकच, सकाळच्या चहाबरोबर.

सगळंच उत्तम आहे असंही नाही. मार्टेन आणि त्याची प्रेयसी क्लेअर क्यूबटाउन नावाच्या संशोधकांच्या वस्तीत राहायला जातात तिथून पुढे नवी माणसं आणि नवे रोबो इतके येतात की जुन्या मंडळींना आठवडेच्या आठवडे दर्शन नाही. शिवाय हल्ली सगळे एकमेकांशी फार समजूतदारपणे बोलतात. मला आधीचा खवटपणा जास्त रुचायचा. आणि हो, पिंटसाइज नावाचा घरगुती रोबो अत्यंत वाह्यात आहे. मागे आई-बाबा बसलेले असताना मोठ्या पडद्यावर उघडू नका.

हॅनेलोर पाचशेनंतर लवकरच येते. ती आल्यावरही शंभरेक भागांत हसू फुटलं नाही, तर खुशाल सोडून द्या.