मुलाला हसू का येत नाही?

‘आम्ही ज्या पुस्तकावर पोट धरून हसलो, ते आमच्या मुलांना कंटाळवाणे का वाटते?’ हा प्रश्न पालक माझ्याकडे बहुधा वाचनाची तक्रार म्हणून घेऊन येतात. अशाच एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

त्यांनी माळ्यावरून दिलीप प्रभावळकरांचे ‘बोक्या सातबंडे’ शोधून काढले आणि ९ वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. मुलाने तीन पाने वाचून पुस्तक मिटले व ‘बाबा, यात फनी काय आहे?’ असे विचारले. तो प्रश्न त्यांच्या इतका जिव्हारी लागला की मुलाची मराठीशी नाळच तुटली, असे ते धरून बसले होते.

पुढच्या भेटीत मी दोघांनाही पुस्तकासह बोलावले. बोक्याचे खरे नाव चिन्मयानंद. त्यातल्या जोडाक्षरापाशीच मुलगा अडखळला. इंग्रजी माध्यमात शिकणारे मूल देवनागरी अक्षरे जुळवत वाक्याच्या टोकाशी पोहोचेपर्यंत विनोद थंड झालेला असतो, त्यात त्याच्या विनोदबुद्धीचा दोष नसतो. शिवाय बोक्या मुळात आकाशवाणीवरून मुलांना भेटला होता, म्हणजे तो ऐकण्यासाठीच जन्मलेला. म्हणून मी वडिलांनाच मोठ्याने वाचायला सांगितले.

त्यांनी वाचले, चांगलेच वाचले. पण दर दोन-तीन वाक्यांनंतर ते चष्म्यावरून मुलाच्या तोंडाकडे पाहत होते. मुलाचे लक्ष गोष्टीवरून उडून त्या नजरेवर खिळले होते, आणि मुले पाहुण्यांसमोर हसतात तसे तो एकदा हसलाही. (तोंडी परीक्षेतही मुले असेच हसतात.)

मुलाला बाहेर पाठवून मी विचारले, ‘तुम्ही हे पहिल्यांदा कुठे वाचलेत?’ बराच वेळ थांबून ते म्हणाले, ‘मी नाही वाचले. दादा मच्छरदाणीत टॉर्च लावून, आवाज काढून वाचायचा.’ हा दादा गेली बरीच वर्षे परदेशात आहे. त्यांना मुलाकडून काय हवे होते, ते मला तेव्हा कळले आणि मला वाटते, त्यांनाही.

मी दोनच गोष्टी सुचवल्या: पुस्तक आधी स्वतःसाठी वाचावे आणि महिनाभर मुलाला ‘हसू आले का?’ असे विचारू नये. महिन्याने त्यांनी ओशाळून कबूल केले की निम्म्या गमती त्यांना स्वतःलाही आता बेताच्याच वाटल्या. मात्र एका रात्री ते दादाला व्हिडिओ कॉलवर एक प्रसंग वाचून दाखवत असताना दोघे इतके हसले की आतल्या खोलीतला मुलगा ‘काय झालं?’ म्हणत बाहेर आला आणि तिथेच बसून राहिला.

पुस्तक त्याने अजूनही स्वतः वाचलेले नाही. रविवारी काकांचा फोन आला की मात्र बाबांचा आवाज बोक्याला शोभत नाही म्हणून तो पान कॅमेऱ्यासमोर धरतो आणि काकांनाच वाचायला लावतो.