आई गावी अंथरुणाला खिळली आहे, चोवीस तासांची बाई टिकत नाही. काय करावं?

सहा महिन्यांत तीन बायका सोडून गेल्या आणि आईंच्या कमरेवर जखम झाली, असं तुम्ही लिहिलंय. या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. कुडाळजवळ आमच्या घरी, बाबांना अर्धांगवायू झाल्यावर, हेच झालं होतं.

बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून बाई आणली. आम्ही महिन्याला २२ हजार भरायचो, तिच्या हातात १५ पडायचे. हे फार उशिरा कळलं. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, त्याची वही ठेवलेली. मी मुंबईत बसून वहीचे फोटो मागवायचो. १०, १२, २, ४... सगळं व्यवस्थित. गावी जाऊन वही हातात घेतली, तर रात्रीच्या नोंदी एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या, आणि बाबांच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम. मी आवाज चढवला. ती एवढंच म्हणाली, "दादानु, माका निजाक कदी गावता?"

दिवसभर भरवणं, पुसणं, डायपर. वर आमच्या काकूने भांडीही तिच्यावरच टाकलेली. मग रात्री दर दोन तासांनी कोण उठणार?

नंतर वाडीतल्याच दोघी ठेवल्या, एक दिवसाची, एक रात्रीची. आठवड्याची सुट्टी, पैसे थेट त्यांच्या खात्यात. खर्च वाढला, खोटं कशाला बोलू. माणसंही सहज मिळाली नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटलीच होती, धडधाकट माणूस मुंबईला. आणि भातलावणीच्या दिवसांत बाई येणार नाही, हे आधीच धरून चाला.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी दोघींना घरी येऊन शिकवलं: माणसाला ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचं, ओढल्याने कातडी सोलवटते. एअर बेड घ्या, पण तो आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका. जखम मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, हळद वगैरे भरू नका.

गणपतीत तुम्ही सगळे चाकरमानी घरी असाल. तेव्हा दोघींना पगारी रजा द्या आणि रात्रीची पाळी भावंडांत वाटून घ्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी दुसऱ्याच रात्री धाकट्याने विचारलं, रात्रीच्या बाईचा पगार वाढवायला हवा का?