डाव आधीच ठाऊक असलेली लढाई

प्रश्न : आम्ही दोघे मित्र लॉयथनची लढाई मिनिएचर सैनिक मांडून पुन्हा खेळतो. मात्र प्रशियाचा खरा हल्ला डाव्या बगलेवर येणार हे ऑस्ट्रियाकडून खेळणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे तो पहिल्याच चालीत राखीव फौज तिकडे नेतो आणि खेळातली गंमत संपते. यावर उपाय आहे का? टेबलासाठी प्रमाण कोणते धरावे?

उत्तर : ५ डिसेंबर १७५७ रोजी सायलेशियात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने सुमारे ३३ हजार सैन्यानिशी जवळपास दुप्पट ऑस्ट्रियन फौजेला हरवले, ते बोर्ना गावाकडून शत्रूच्या उजव्या, म्हणजे उत्तरेकडच्या, बगलेला हूल देऊन. त्या बगलेवरच्या लुकेसी या ऑस्ट्रियन सेनानीने मदतीचा तगादा लावला, राखीव फौज उत्तरेकडे गेली आणि तेवढ्या वेळात प्रशियाच्या रांगा ठेंगण्या टेकड्यांआडून दक्षिणेला सरकल्या. तुमच्या मित्राला हे सारे माहीत आहे, आणि माहीत असलेले विसरून खेळ, असे त्याला सांगून उपयोग नाही.

पहिला मार्ग म्हणजे खेळ दुपारी एकच्या सुमारास, राखीव फौज उत्तरेला गेल्यानंतर सुरू करणे. हा सोपा आहे, पण त्यात लढाईतला सर्वांत देखणा भाग, म्हणजे ती छुपी कूच, हातची जाते. मला दुसरा मार्ग अधिक पटतो : हल्ला कोणत्या बगलेवर करायचा हे प्रशियाच्या खेळाडूने खेळापूर्वी चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यावे, आणि टेकड्यांआड गेलेल्या तुकड्यांच्या जागी कोरी कार्डे ठेवावीत, ज्यांतली काही निव्वळ पोकळ असतील. उत्तरेचा हल्ला खरोखरच शक्य झाला, की इतिहासाचे ज्ञान ऑस्ट्रियाच्या कामी येत नाही, कारण आपल्याला पुन्हा उभी करायची आहे ती सेनापतीची त्या क्षणीची अनिश्चितता. त्याच्या चाली जशाच्या तशा गिरवायच्या नाहीत. शिवाय ऑस्ट्रियाचा प्रत्येक नवा हुकूम अमलात येण्यापूर्वी फासा टाकून विलंब ठरवावा. प्रशियाच्या खेळाडूला मात्र टेबलावरची अंतरे आधीच मोजू द्यावीत; फ्रेडरिकला हा मुलूख शांततेच्या काळातल्या कवायतींमुळे चांगला परिचित होता, तेव्हा यात पक्षपात नाही.

प्रमाणाचे म्हणाल, तर ऑस्ट्रियाची आघाडी सुमारे ८ किलोमीटर लांब होती. १ सेंटिमीटरला ४० मीटर धरले, तर ती २ मीटरमध्ये बसते आणि २.४ मीटरच्या टेबलावर बगलेबाहेर फिरायला जागा उरते. या प्रमाणात तीन रांगांत उभी असलेली बटालियन जेमतेम ३ सेंटिमीटरची होते, म्हणून ६ मिलिमीटर उंचीचे सैनिक घ्यावेत. १०० मीटरवरचा बंदुकीचा मारा इथे अडीच सेंटिमीटरवर येतो. त्यासाठी वेगळी गोळीबाराची फेरी ठेवणे मला निरर्थक वाटते. तो हातघाईच्या निकालातच धरावा. तोफांचा मारा तेवढा स्वतंत्र असू द्या.

जय-पराजयाचा निकष अंधारावर ठेवा. डिसेंबरचा दिवस लहान असल्यामुळे अर्ध्या तासाची एक चाल धरून एक वाजल्यापासून सहा-सात चालीच मिळतात. तेवढ्यात दक्षिणेकडे तोंड वळवून लॉयथन गावाशी नवी फळी उभारून ती टिकवली, तर ऑस्ट्रियाने डाव जिंकला असे मानावे.