ओरिएंटेशनला जाऊन करायचं काय?

ॲडमिशनचा हंगाम संपत आला की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पहिले काही दिवस शिकवत तर नाहीतच, मग ओरिएंटेशनला गेलंच पाहिजे का?" विचारतात बहुतेक वेळा आया. मुलं शेजारी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली असतात, आणि त्यांना "नको जाऊस" हेच ऐकायचं असतं.

ओंकारचंही (नाव बदललंय) तेच. कळव्याचा मुलगा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला लागलेला. आईचं म्हणणं, "एवढ्या पावसात नुसती भाषणं ऐकायला कशाला धाडू?" ताईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा खरं दुखणं कळलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणा सीनिअरने टाकलं होतं की पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं राहून इंट्रो द्यावी लागते. तीही इंग्रजीत. "माझं त-त-प-प होतं मॅडम. एकदा हसले की चार वर्षं तेच नाव पडणार."

"काही होत नाही रे" असं मी अशा वेळी म्हणत नाही. होतं कधी कधी, हसतातही. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. नेटवरून उतरवलेल्या बारा ओळी. माय हॉबीज आर रीडिंग, चेस अँड ट्रेकिंग.

"ट्रेकला कुठे गेला होतास?"

"कुठेच नाही."

दोघंही हसलो आणि कागद बाजूला ठेवला. मग तीनच वाक्यं ठरवली. नाव, राहायला कुठे आणि शेवटी, ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलचा धागा धरून, एक प्रश्न: "आय कम बाय ट्रान्स-हार्बर. एनीवन फ्रॉम ठाणे साइड?" प्रश्न विचारला की सगळ्यांच्या नजरा आपल्यावरून हलतात आणि हात वर करणाऱ्यांकडे जातात, बुजऱ्या मुलाला तेवढी फट पुरते. दाराशी उभं राहून त्याने ती वाक्यं म्हटली. पहिल्यांदा पंख्याकडे बघून, मग माझ्या टेबलाकडे, मग जरा मोठ्याने.

ओरिएंटेशनमध्ये छाप पाडायची असते, हा समज मुलांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. मी त्यांना सांगते, तिथे माणसं हेरायची असतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम, म्हणजे हेच ओरिएंटेशन, आखून दिलाय, बाकीच्या पदव्यांसाठी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोग) 'दीक्षारंभ' आहे. एआयसीटीईच्या आराखड्यात साधारण २० मुलांच्या गटामागे एक मेंटॉर शिक्षक असावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात काही कॉलेजं सगळं दोन-चार दिवसांत उरकतात. तरी मेंटॉरचं नाव, ते बसतात कुठे आणि त्यांना कधी गाठायचं, एवढं त्या दिवसांत पदरात पाडून घ्यायचंच. स्वागताच्या भाषणातले प्लेसमेंटचे आकडे मात्र खुशाल या कानाने ऐकून त्या कानाने सोडावेत. ते ॲडमिशनच्या आधी कामाचे होते.

ओंकारच्या वहीत मी आणखी काही प्रश्न लिहून दिले. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या स्कॉलरशिपचे फॉर्म ऑफिसात कोण तपासतं? रेल्वे कन्सेशनचा फॉर्म कोणत्या वेळेत मिळतो? विद्यार्थ्यांचा पास निम्म्या दरात निघतो, त्यामुळे रोज प्रवास करणाऱ्या घराला हा प्रश्न हजेरीच्या नियमाइतकाच महत्त्वाचा. हजेरीचंही विचारायचं: ७५ टक्के धरतात ती प्रत्येक विषयाची की सगळ्यांची मिळून? अँटी-रॅगिंगचं हमीपत्र नुसतं सही करून देऊ नको, समितीत कोण आहे ते बघ, हेही सांगितलं. हेल्पलाइनचा नंबर (१८००-१८०-५५२२) तिथेच मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला.

ताई आत आल्यावर त्यांच्यासाठीही एक सूचना होती: पालकांचं सत्र असेल तर जरूर जा, पण त्याच्या वतीने हात वर करू नका. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

आठवड्याने ओंकारचा फोन आला. दुसरं वाक्य म्हणताना तो अडखळला होता, मागच्या बाकावरून कुणीतरी हसलंही. पण प्रश्नाला पाच-सहा हात वर झाले. त्यातला एक मुंब्र्याचा, एक डोंबिवलीची. आता सकाळी ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर भेटून ते एकत्रच गाडी पकडतात. कन्सेशनचा फॉर्म त्या मुलीने आधी मिळवला आणि खिडकी कधी उघडते ते बाकीच्यांना सांगितलं.

शेवटच्या राउंडला ॲडमिशन मिळालेल्यांचं ओरिएंटेशन बहुधा हुकतं. त्यांनी पहिल्याच दिवशी डिपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन "माझे मेंटॉर कोण?" असं विचारावं. नेमलेले नसतील तर वर्गशिक्षकांचं नाव विचारून घ्यावं आणि त्याच दिवशी त्यांना भेटून यावं. मग सीआरकडून (वर्गप्रतिनिधीकडून) वर्गाच्या ग्रुपवर नाव घालून घ्यावं, नाहीतर बदललेलं टाइमटेबल लेक्चर होऊन गेल्यावर कळतं.