भेंडी : केवडा, तार आणि साखर (प्रश्नोत्तरे)

प्रश्न : पेरण्यापूर्वी बी भिजवावे का? (गुहागर)
घरचे बी रात्रभर भिजवावे. औषध लावून रंगवलेले विकतचे बी भिजवू नये.

प्रश्न : उन्हाळी भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आहेत. दुकानदाराने विषाणू मारणारे टॉनिक दिले आहे. ते किती दिवसांनी फवारावे? (मुरूड)
एकदाही फवारू नये. हा केवडा आहे. तो विषाणूमुळे होतो, पांढरी माशी तो झाडाझाडांवर पसरवते, आणि एकदा झाडात शिरलेला विषाणू घालवणारे औषध नाही, मग बाटलीवर काहीही छापलेले असो. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, तरी विचारणा होते ती निम्मा वाफा पिवळा झाल्यावरच. पहिले पिवळे झाड दिसेल त्याच दिवशी उपटून पुरावे, बांधावरचे तण काढावे आणि पिवळे चिकट सापळे लावावेत. ‘परभणी क्रांतीला केवडा येत नाही’ ही ऐकीव गोष्ट आता सोडून द्यावी. हा वाण रोगाला दाद देत नसे हे खरे, पण ती ताकद पुढे ओसरली. जोरदार पावसात माशी फारशी वाढत नाही, कोरड्या उबदार दिवसांत मात्र फोफावते, त्यामुळे उन्हाळी पिकावर अगदी पहिल्या पानांपासून लक्ष हवे. मला खरी काळजी वाटते ती फवारणीची : भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, आणि फवारणीनंतर सोडायचे दिवस न पाळता तोडलेली भेंडी थेट कुणाच्या तरी घरी लेकरांच्या ताटात जाते. म्हणून माशीसाठी कीटकनाशक वापरण्यापूर्वी पानांचे फोटो कृषी सहाय्यकाला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावेत.

प्रश्न : भाजीला तार सुटू नये म्हणून काय करावे? (मालवण)
भेंडी धुऊन कोरडी पुसावी, मगच चिरावी, झाकण न ठेवता परतावी आणि दोन आमसुले घालावीत. आंबटामुळे तार मोडते. अमेरिकेतील लुइझियानात मात्र गम्बो नावाचा रस्सा दाट व्हावा म्हणून हीच तार मुद्दाम राखतात. तो शब्दही आफ्रिकेतील भाषांमधून भेंडीच्याच नावावरून तिकडे गेला.

प्रश्न : भेंडी रात्रभर भिजवलेले पाणी घेऊन मधुमेहाची गोळी बंद करता येईल का? (अलिबाग)
नाही. उंदरांवरील एका प्रयोगात भेंडीच्या पाण्यामुळे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध शरीरात कमी शोषले गेले होते. भाजी जेवणात अवश्य खावी. ते पाणी आधीपासून घेत असाल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना सांगावे.