नातवाची बस आणि न्यूयॉर्कची मीटिंग

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. चारही इंदूरचीच. तक्रार एकच, दिवस पुरत नाही.

प्रश्न : सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत टीम लीड आहे. तीन दिवस घरून काम, दोन दिवस ऑफिस. न्यूयॉर्कच्या क्लायंटबरोबर रोज रात्री साडेआठला मीटिंग असते आणि नेमकी तेव्हाच चार वर्षांच्या मुलीला मी हवी असते. सासूबाई म्हणतात, "घरातच तर असतेस!" (राजेंद्रनगर)

उत्तर : आधी घड्याळ बघू. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे दहा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. तुमची मीटिंग बाराही महिने साडेआठलाच असेल, तर उन्हाळ्यात क्लायंटकडे तेव्हा अकरा वाजलेले असतात. म्हणजे अडचण त्याची नाही. कुणीतरी एकदा वेळ टाकली आणि ती तशीच राहिली. तिकडच्या नऊची वेळ मागा. उन्हाळ्यात ती साडेसहाला येईल, हिवाळ्यात साडेसातला. मागताना मुलीचं कारण सांगत बसू नका. "नऊला घेऊ या का?" एवढंच विचारा. क्लायंट बहुधा हो म्हणेल.

आता सासूबाई. त्यांच्या वाक्यात मला टोमण्यापेक्षा थकवा जास्त ऐकू येतो. तुम्ही आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर असता तेव्हा मुलीला बघणाऱ्या त्याच ना? 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, अशी तरतूद मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने आली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता येतं. एचआरला लेखी विचारा. ऑफिसचे दोन दिवस मुलगी तुमच्याबरोबर आली, तर सासूबाईंनाही आठवड्यात दोन दिवस सुट्टी मिळेल. ती त्यांना आजवर कुणी देऊ केली होती का?

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यात आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. रविवारी मी झोपून असतो म्हणून बायको चिडते. (सुदामानगर)

उत्तर : झोपा. नाइटनंतरच्या झोपेला आळस म्हणू नये. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते. खिडकीला जाड काळा पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, नाइटच्या उत्तरार्धात चहा घेऊ नका. शिफ्ट फर्स्ट, सेकंड, नाइट अशा क्रमाने पुढे सरकत असेल तर शरीर त्यातल्या त्यात लवकर जुळवून घेतं. उलट्या क्रमाने लागत असेल तर सुपरवायझरशी बोलून बघा.

पण बायकोचा हट्ट रविवारचाच आहे का, हे एकदा तिला विचारा. सेकंड शिफ्ट संपवून तुम्ही इंदुरात शिरता तेव्हा निम्मं गाव झोपलेलं असतं आणि सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार जागा असतो. मुलं मोठी असतील तर तिला परस्पर तिथेच बोलवा. भुट्ट्याचा कीस खात मध्यरात्री झालेलं भांडण रविवारच्या भांडणापेक्षा बरं असतं, हे अनुभवाने सांगते.

प्रश्न : सीए आहे. घरचा गणपती दहा दिवसांचा, पण दर वर्षी मी ऑफिसात. वडील बोलत नाहीत, पण दिसतं. (रामबाग)

उत्तर : गणपती कधी ऑगस्टअखेर येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यात. टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबर मात्र जागेवर असते, आणि मुदतवाढ आलीच तरी अगदी शेवटी येते. दहाही दिवस मिळणार नाहीत, ते सोडून द्या. दोन दिवस निवडा: गौरीजेवण आणि अनंत चतुर्दशी. चतुर्दशीला झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री अर्धं इंदूर रस्त्यावर असतं, तुमचे अशीलही. त्यांना कागदपत्रांसाठी 31 जुलैची तारीख द्या आणि उशिरा येणाऱ्यांची फी वाढवा. पहिल्या वर्षी दोन-चार जण रुसतील, रुसू द्या. आणि ते दोन दिवस कोणते, हे वडिलांना आषाढातच सांगून टाका.

प्रश्न : वय 68, निवृत्त. मुलगा-सून दोघं नोकरीत. नातवाची बस सात वीसला. माझी मित्रमंडळी सात वाजता पोहे-जलेबीला जमतात. चार वर्षांत मी एकदाही गेलो नाही. आमचा तोल कोण सांभाळणार? (लोकमान्यनगर)

उत्तर : काका, तुमचं पत्र सगळ्यांत शेवटी आलं आणि त्यापायी मला पहिलं उत्तर पुन्हा लिहावं लागलं. राजेंद्रनगरच्या ताईंना मी आधी लिहिलं होतं, "घरात सासूबाई आहेतच, काळजी नको." ते वाक्य खोडलं.

नातू तुमचा लाडका, यात शंका नाही. पण चार वर्षांपूर्वी ही ड्यूटी तुम्हाला विचारून लावली होती का? बहुधा तुम्हीच "मी आहे ना" म्हणाला असाल. आता तुम्हीच बोला, आणि "कधीतरी जाईन म्हणतो" असं नको. "मंगळवार-शुक्रवार मी पोह्यांना जाणार, बसवर तुमच्यापैकी कुणी जायचं ते ठरवा," असं सांगा. मुलगा मीटिंगचं कारण काढेल. त्याला या लेखातलं पहिलं उत्तर वाचायला द्या.

येत्या मंगळवारीच जा. शेव जास्त घाला म्हणावं.