डायलचा जुना फोन घेतलास, आता आधी डायल

भावा, पॉलिशची घाई करू नकोस. आधी डायल. शून्य फिरवून सोड आणि परतीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर. सेकंदाला 10 पल्स, म्हणजे टिकटिकी, हव्यात, म्हणजे पहिल्या ते दहाव्या टिकटिकीत 0.9 सेकंद. संथ असेल तर गिअरमधलं ग्रीस घट्ट झालंय. फार पळत असेल तर गव्हर्नरच्या वाटीत तेल गेलंय. तिथलं घर्षणच वेग आवरतं, म्हणून ती वाटी कोरडीच ठेवायची. गिअर पांढऱ्या पेट्रोलने धुऊन घे. घड्याळजीकडचं तेल सुईच्या टोकाने फक्त पिव्होटला लाव. खोबरेल नको, ते चिकटतं. डायलमधल्या विजेच्या संपर्कांना पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस, चांदीचा थर जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी ओढली की पुरे.

आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत माउथपीसमधले कार्बनचे कण गठ्ठा होतात, आवाज खरखरतो. कॅप्सूल काढून हलकेच टिचकी मार.

बेकेलाइट भिजत घालू नकोस, चकाकी कायमची जाते. ओलसर फडकं, मग ब्रासो, तेही हलक्या हाताने. स्क्रू मिळेना तर आटे मोजून उद्यमनगरात लेथवर करून घे. भलताच ठोकलास तर जुने आटे मरतात.

लाइन जोडलेली असताना आत हात घालू नकोस. एरवी 48 व्होल्टच असतात, पण रिंग आली की 75 च्या आसपास एसी येतो आणि चांगलाच झटका बसतो. फायबर इंटरनेटच्या डब्याला फोन जोडून घंटी वाजली तरी नंबर लागेलच असं नाही, बऱ्याच डब्यांना डायलचे पल्स कळत नाहीत. मध्ये पल्सचा टोन करणारा कन्व्हर्टर लागतो.